खवा थांबवायचा कधी?

दिवाळीत पेढ्यांचा पुडा सोडला की आधी नजर जाते रंगाकडे. खरपूस भाजलेल्या खव्याच्या पेढ्याला रंग घालावा लागत नाही. तो कढईतच तयार होतो, आणि कसा होतो हे पाहायला धाराशिव जिल्ह्यासारखी जागा नाही.

भूम तालुक्यातलं कुंथलगिरी म्हणजे जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण-देशभूषण मुनींचं निर्वाणस्थान. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली तीही इथेच. पण पंचक्रोशीबाहेर हे नाव पोचलं ते खव्यामुळे. बालाघाटच्या या कोरड्या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेतीला जोड दुभत्याची. दूध संध्याकाळपर्यंत नासायचं. मग त्यातलं पाणी इथेच आटवून उरलेलं बाजारात न्यायचं, असा सरळ हिशेब. २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हशीच्या पाचेक लिटर दुधात किलोभर खवा पडतो. दूध पातळ असेपर्यंत कढईत मोठंसं काही घडत नाही. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं. दूध आळून कडा सोडू लागलं की मात्र तळ तापतो, रेणूंची दाटी होते आणि खरी अभिक्रिया वेग घेते. लॅक्टोज या दुधातल्या साखरेचं अल्डिहाइडचं टोक प्रथिनातल्या लायसिनच्या अमिनो गटाला भिडतं. पाण्याचा एक रेणू निसटतो, नवा बंध जुळतो आणि लगेच त्याची फेररचना होते. पुढे नुसती फाटाफूट आणि जुळवाजुळव: माल्टॉलसारखे रेणू वास देतात, मेलॅनॉइडिन नावाचे मोठे रेणू तपकिरी रंग. फ्रान्सच्या लुई कामिय माइयारने १९१२ मध्ये ही अभिक्रिया मांडली. तिच्या पायऱ्यांचा सलग नकाशा अमेरिकेच्या जॉन हॉजने काढला, तोही १९५३ मध्ये. भट्ट्या अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून पेटत होत्या.

मला यातली गंमत वाटते ती साखरेची. पेढ्यात आपण घालतो ती साखर या खेळात जवळपास नसतेच! तिच्यातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची क्रियाशील टोकं एकमेकांतच अडकलेली. ती सुटली तरच भिडणार. रंगाचं काम करतं ते फिक्या गोडीचं लॅक्टोज. चिमूटभर खायचा सोडा पडला तर खवा झरझर लाल होतो, कारण आम्लात अमिनो गटाला हायड्रोजन चिकटून तो निकामी होतो आणि अल्कलीत मोकळा सुटतो. या खरपूसपणाची किंमतही आहे. रंगाबरोबर थोडं लायसिन, म्हणजे शरीराला लागणारं अमिनो आम्ल, खर्ची पडतं. दिवाळीत तेवढं चालायचंच.

संश्लेषण करणाऱ्या रसायनतज्ज्ञाची निम्मी कसोटी अभिक्रिया हव्या त्या टप्प्यावर अडवण्यात असते. प्रयोगशाळेत त्यासाठी फ्लास्क बर्फात ठेवतात, पाणी ओततात. भट्टीवाल्याला यातलं काही चालत नाही. पाणी घालवायलाच तर तो दोन प्रहर जाळापाशी बसलेला. पांढरा खवा हवा असेल तर शेवटी तो सरपण मागे ओढतो, गोळ्याचा वास घेतो आणि कढई खाली उतरवतो. उतरवली तरी त्याचं उलथनं थांबत नाही. लोखंड अजून तापलेलं असतं.