वेलांटीची सात वर्षं

मे २०१० मध्ये विकिपीडियाने आपला लोगो बदलला, तेव्हा बहुतेकांना कळलंही नाही. तोच करडा गोळा, तेच जिगसॉचे तुकडे, वरच्या बाजूला मुद्दाम अपुरी ठेवलेली तीच कड. पण देवनागरीच्या तुकड्याकडे जरा थांबून पाहिलं असतं, तर ‘वि’ची वेलांटी जागेवर आलेली दिसली असती. त्याआधी सात वर्षं ती ‘व’च्या चुकीच्या बाजूला पडलेली होती. मराठी, हिंदी किंवा नेपाळी वाचणारं दुसरीतलं पोरही ही चूक दाखवू शकलं असतं. आणि ती होती कुठे, तर कोणीही यावं आणि दुरुस्ती करावी, असं सांगणाऱ्या संकेतस्थळाच्या माथ्यावर!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात फ्लेक्स, पत्रिका, पावतीपुस्तकं यांचं काम करणाऱ्याला असली वेलांटी ओळखीची असते. त्यामुळे या लोगोची गोष्ट मला पहिल्यापासून आपल्याच धंद्यातली वाटत आली. हौशी माणसांनी मिळून चालवलेल्या स्थळाचा लोगो सगळ्यांना विचारून केला की त्याचं काय होतं, हे त्यातून फार चांगलं दिसतं.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला. आरंभी अमेरिकेचा झेंडा लावून वेळ मारून नेलेली होती. त्याच वर्षी स्पर्धेतून एक गोल लोगो आला. त्यात थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथातला मजकूर भिंगाखाली धरल्यासारखा फुगवून गोलावर बसवला होता. दिसायला बरा होता, पण सगळा इंग्रजी. इतर भाषा थोड्या होत्या तोवर ते चाललं. पुढच्या दोन वर्षांत भाषा भराभर वाढल्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर सुरू झाला. ‘औदुंबर’ आणि ‘वसंत पंचमी’ ही त्यातली अगदी पहिली पानं. आता मराठी, जपानी, हिब्रू अशा सगळ्यांच्या माथी एक इंग्रजी उतारा मारणं शोभेना. म्हणून २००३ मध्ये पुन्हा स्पर्धा लागली. प्रवेशिका सदस्यांच्याच आणि मतंही सदस्यांचीच.

जिंकला पॉल स्टॅन्सिफर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. जिगसॉच्या तुकड्यांची पृथ्वी ही कल्पना त्याची. त्याच्या मूळ चित्रात तुकडे रंगीत होते आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या भाषांतला मजकूर पसरलेला होता. मतं मिळाली त्याला, पण स्थळावर चढलं ते चित्र वेगळं. मग सुधारणा सुरू झाल्या आणि त्यांतून डेव्हिड फ्रीडलँड या दुसऱ्या सदस्याचं रूप उरलं. रंग गेले, मजकूर गेला, एका तुकड्यावर एकच अक्षर राहिलं. सप्टेंबर २००३ च्या अखेरीस तो लोगो लागला, आणि आज आपण जो ओळखतो त्याचा साचा तोच.

मला यातली खरी मेख इथे दिसते. बहुमताने कल्पना निवडली. रूप मात्र एका माणसाच्या हाताने आलं. मंडळाच्या बैठकीत पंधरा जण बसून फ्लेक्सचा मजकूर ठरवू शकतात, पण पंधरा जणांनी मागे उभं राहून माउस हलवायला सांगितला की काय तयार होतं, ते गणेशोत्सवात राजुऱ्याच्या कुठल्याही चौकात पाहून घ्यावं. फ्रीडलँड यांनी काढून टाकलेल्या गोष्टींची यादी त्यांनी घातलेल्यांपेक्षा मोठी आहे, आणि लोगो टिकला तो त्यामुळेच.

आता वेलांटीकडे येऊ. युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी ‘व’ येतो आणि मागून ऱ्हस्व वेलांटी. उच्चाराचा क्रम तोच आहे, म्हणून साठवणीचाही तोच. पडद्यावर मात्र वेलांटी उचलून ‘व’च्या आधी आणून बसवावी लागते. हे काम संगणकातली वेगळी यंत्रणा करते. ती नसेल तर अक्षरं साठवली तशीच एकामागून एक मांडली जातात आणि वेलांटी मागेच लटकत राहते. २००३ च्या सुमारास ही यंत्रणा सगळीकडे नव्हती. विंडोज एक्सपीमध्येसुद्धा भारतीय लिप्यांसाठी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याच्या पडद्यावर जे उमटलं ते त्याने उचलून तुकड्यावर ठेवलं. त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच!

आमच्याकडे हा रोग दुसऱ्या बाजूने आला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर. जशी दिसते तशी लिहायची, विषय संपला. गोंधळ सुरू झाला तो गिऱ्हाईक मोबाइलवरून मजकूर पाठवायला लागल्यावर. तो मजकूर युनिकोडमधला, आणि दुकानातलं फोटोशॉप जुनं. चिकटवला की ‘विवाह’ची वेलांटी उडी मारून पलीकडे, ‘निमंत्रण’चीही तीच गत, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडलेले. हे दिसलं तर बरं. साठ-सत्तर ओळींच्या पत्रिकेत एखादं ‘चि.’ तसंच राहून गेलं, तर ते थेट मांडवात पोचतं.

विकिपीडियाच्या गोळ्यावर एवढी एकच चूक नव्हती. जपानी अक्षरही चुकलं होतं. ‘वि’चा उच्चार व्हायला हवा तिथे ‘वाइ’ असं काहीतरी वाचलं जात होतं. शिवाय ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेचंही एक अक्षर एका तुकड्यावर होतं. हौशी मंडळींची गंमत म्हणून सोडून देता आलं असतं, पण २०११ च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी आपली मातृभाषा म्हणून सांगितली आहे आणि तिच्या लिपीला या गोळ्यावर जागा नव्हती, हे आमच्या मुलखातल्या माणसाला टोचणारच.

जून २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या चुकांवर बातमी केली, तेव्हा जगभर चर्चा झाली. तरीही पुढे तीन वर्षं वेलांटी तशीच. लेखात चूक असती तर पाच मिनिटांत कोणीतरी ती सुधारली असती. पण लोगो म्हणजे मजकूर नाही, ते चित्र. ते एकाच्या हातून आलेलं आणि मग शेकडो ठिकाणी चिकटलेलं. गोळ्याची फक्त समोरची बाजू अस्तित्वात होती. मागच्या तुकड्यांवर काय आहे, हे ठरलेलंच नव्हतं. गोळा थोडा फिरवून काढा म्हटलं तरी जमणार नाही, अशी अवस्था. चूक सापडणं सोपं होतं, कारण पाहणारे लाखो. दुरुस्त करणं अवघड, कारण हात घालायला मूळ वस्तूच धड नव्हती.

शेवटी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने फिलिप मेट्शन यांच्याकडून संपूर्ण गोळा त्रिमितीत नव्याने करून घेतला. कुठल्या लिपीचं कुठलं अक्षर घ्यावं, हे त्या त्या भाषेच्या स्वयंसेवकांना विचारलं गेलं, आणि मागच्या तुकड्यांचाही विचार झाला. क्लिंगॉन गेलं आणि त्याच्या जागी इथिओपियाच्या लिपीतलं अक्षर आलं. जपानी सुधारलं, वेलांटी सुधारली. खालच्या नावाचा ठसाही बदलला: आधीचा ‘हेफ्लर टेक्स्ट’ जाऊन खुल्या परवान्याचा ‘लिनक्स लिबर्टाइन’ आला. विचारायची योग्य वेळ आणि योग्य प्रश्न या खेपेला सापडले, असं माझं मत आहे. ‘तुम्हाला कुठला लोगो आवडतो’ हा प्रश्न सगळ्यांना विचारला की भांडणं लागतात. ‘तुमच्या भाषेतलं हे अक्षर बरोबर आहे का’ हा प्रश्न त्या भाषेच्या माणसाला विचारला की उत्तर मिळतं.

त्याच वर्षी आपल्याकडेही एक चिन्ह जन्मलं. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये स्पर्धा लावली, तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह मंजूर केलं. इथे लोकांकडून चित्रं मागवली, पण निवड समितीने केली. चिन्ह उत्तमच आहे. घोळ झाला तो पुढे. चिन्ह मंजूर झालं, पण कळफलकावर कुठून काढायचं? मंगळूरच्या एका कंपनीने लगेच एक फॉन्ट फुकट वाटला. त्यात आकड्यांच्या ओळीतल्या डावीकडच्या टोकाच्या बटणावर रुपया बसवला होता. युनिकोडने ऑक्टोबर २०१० मध्ये जागा दिली तरी कित्येक वर्षं छापखाने तोच फॉन्ट वापरत राहिले. ज्या संगणकावर तो नसेल तिथे रुपयाऐवजी नुसतं एक तिरपं टिंब उमटे. किमतीपुढे असलं टिंब घेऊन छापलेली पत्रकं तुम्हीही हातात धरली असतील.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. स्वच्छ भारत अभियानासाठी २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘मायगव्ह’ संकेतस्थळावर खुली स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो निवडला गेला. एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’. घोषवाक्य राजकोटच्या भाग्यश्री शेठ यांचं. ग्रामपंचायतीच्या भिंतीपासून नोटेच्या पाठीपर्यंत तो चष्मा पोचला. पेंटरने हाताने काढला तरी ओळखू येतो, हीच त्याची परीक्षा आणि त्यात तो पास. फक्त लहान आकारात ‘च्छ’ शाईने भरून जातो, एवढी माझी तक्रार.

आमच्या राजुऱ्यात हे सगळं रोजच्या व्यवहारात उतरतं. हा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यातला. आसिफाबादच्या रस्त्याला लागलं की पाट्यांवर तेलुगू दिसू लागते. तेलुगूत जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लागतं. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही, तर दोन्ही शेजारी शेजारी उभी राहतात, आणि मराठी डोळ्यांना त्यात काही खुपत नाही. आता गोंडी लिपीतल्या फलकांची मागणीही येते. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली मसराम गोंडी युनिकोडमध्ये आली २०१७ ला, आणि शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी २०१८ ला. फॉन्ट आता मिळतात. वाचणारा माणूस मात्र सोबत लागतो.

म्हणून राजुरा, कोरपना, जिवतीकडच्या मंडळांना आणि संस्थांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. लोगो करून घ्याल तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या जेपीजीवर समाधान मानू नका, मूळ खुली फाईल मागून घ्या आणि दोघातिघांकडे ठेवा. आणि ज्या लिपीत फलक हवा, ती लिपी वाचणारी एक व्यक्ती छपाईपूर्वी दुकानात घेऊन या. बाकीचे चौदा जण घरी थांबले तरी चालेल.