चप्पल मुरते, बूट मुरत नाही

आषाढ जवळ आला की कागलमध्ये पन्हाळा–पावनखिंड मोहिमेची तयारी सुरू होते, आणि दरवर्षी तेच वाक्य कानावर येतं : "आत्ता चावतोय, पण चालून चालून मुरेल." बूट आदल्या संध्याकाळी घेतलेला. टाचेला लागतोय हे दुकानातच कळलेलं. तरी तोच घालून माणूस पहाटे पन्हाळ्याच्या गाडीत बसतो. मसाई पठार ओलांडेपर्यंत त्याचा मोजा टाचेला चिकटलेला असतो. पाण्यानं भिजवून तो मोजा सोडवायचं काम मी इतक्या वेळा केलंय, की आता हे वाक्य ऐकलं की राग येतो.

समज कुठून आला ते कळतं. आपला तालुका सेनापती कापशीचा, आणि कापशी चप्पल पायात घालतच आपण मोठे झालो. नवी कोल्हापुरी चावते. तिला तेल लावायचं, आठ दिवस घरातल्या घरात वापरायची, मग ती पायाची होते. हे अगदी खरं आहे. ते कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. ऊब, घाम आणि तेल मिळालं की त्याचे तंतू सैलावतात आणि पायाच्या वळणावर बसतात. शिवाय चप्पल मागून उघडी. टाच दाबायला तिला भिंतच नाही. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे कातडं कमावण्याची आणि हातशिलाईची हीच रीत आहे.

ट्रेकिंगच्या बुटात यातलं काही नाही. टाचेमागे कडक प्लास्टिकचा कप, बोटांवर रबराची टोपी, बाजूला कृत्रिम जाळी, आत फोम, आणि हे सगळं साच्यावर ताणून सोलला चिकटवलेलं. टाचेचा कप मुरणार कसा? न वाकणं हेच त्याचं काम. लांबी तर एक सूतही वाढत नाही. पूर्ण कातडी बूट असेल तर तो चवड्यापाशी वाकायला लागतो आणि रुंदीला थोडा सैलतो, एवढंच. "नवा बूट महिनाभर आधी वापरा" हा सल्ला बरोबर आहे, पण तो मुळात पायाला बसणाऱ्या बुटासाठी आहे. न बसणारा बूट महिन्यानंतरही न बसणाराच राहतो.

फोड कसा येतो ते एकदा नीट समजून घेऊ. कातडी वरून घासली जाते म्हणून फोड येतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात टाचेची कातडी मोज्याला धरून जागीच थांबते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकत राहतं. दोन्हींच्या मधल्या थरावर प्रत्येक पावलाला ताण येतो, तो थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलसर कातडीवर घर्षण कोरडीपेक्षा जास्त असतं, हे नेलर या ब्रिटिश संशोधकानं १९५५ सालीच प्रयोगांनी दाखवलं होतं. आता आपली मोहीम डोळ्यांसमोर आणा : भर पाऊस, चिखल, दोन दिवसांत ५० किलोमीटरांच्या आसपास चाल, म्हणजे साठ-सत्तर हजार पावलं. दुकानातल्या दहा पावलांत जे टोचलं, त्याचं इतक्या पावलांनंतर काय होईल?

म्हणून बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोहिमेत घालणार तेच जाड मोजे सोबत न्या. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहा : बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि चवडा कडेबाहेर यायला नको. मग लेस बांधून दुकानाच्या पायऱ्या चढा आणि उतरा. चढताना टाच उचलली जात असेल, किंवा उतरताना बोटं पुढे आदळत असतील, तर बूट परत द्या. वाटेवरच्या पांढरपाणीकडच्या चिखलात तो बदलून मिळत नाही. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरा.

"माझा नंबर आठच" हाही हट्ट सोडा. आपल्याकडे चालणारा नंबर ब्रिटिश मापाचा, एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटर, आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. बर्फात स्की घालून डोंगर चढणारे बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगतात, कारण तिथे पावलाची लांबीच मोजली जाते. आपणही पाऊल कागदावर ठेवून आखून न्यावं.

उंच बुटानं घोटा मुरगळत नाही, अशी खात्री बरेच जण देतात. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ विद्यार्थ्यांवर केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच आणि बुटक्या बुटांत असा फरक आढळला नाही. जड बूट म्हणजे मजबूत बूट? पायातलं एक किलो वजन पाठीवरच्या किलोपेक्षा कितीतरी महाग पडतं. १९६९ च्या एका लष्करी अभ्यासात पायातल्या वजनाचा ऊर्जाखर्च अंगावरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट निघाला. एमआयडीसीतले सेफ्टी शूज तर घालूच नका. त्यांची लोखंडी टोपी २०० ज्यूलचा आघात झेलण्यासाठी आहे. उतारावर तीच बोटांची नखं काळी करते. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना दिलेल्या बुटांना पाणी निघून जाण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवलेली होती. आपल्या पावसाला तोच विचार लागू पडतो : जाळीचा, पाणी सोडणारा बूट आणि पिशवीत कोरडे मोजे.

"मावळे काय बूट घालून गेले होते?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात १३ जुलै १६६० ला पावनखिंडीत लढलेल्या माणसांच्या आयुष्यभराच्या डोंगरचालीला काहीच किंमत उरत नाही. रोजच्या चालीनं कातडी हळूहळू जाड होते, घट्ट होते. त्यांची पावलं तशी झालेली होती. आपली पावलं दिवसभर गाडीच्या ब्रेकवर आणि कारखान्याच्या फरशीवर असतात.

आणि ज्यांनी बूट घेऊन टाकलाच आहे, त्यांच्यासाठी. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या १२८ धावपटूंच्या पायांवर साधी कागदी सर्जिकल टेप लावून पाहिली; टेपखालच्या भागात फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. कागलच्या कुठल्याही औषध दुकानात ती मिळते. पहाटे पाय पूर्ण कोरडा असताना, जिथे नेहमी लागतं तिथे एकच थर, सुरकुती न पाडता लावायची. पावसात ती सुटते, तेव्हा दुपारी मोजे बदलताना पाय पुसून नवी लावा. फोड आल्यावर मात्र त्यावर थेट चिकटवू नका. काढताना साल निघून येते.