जुन्या ट्रकचे पाणी कुठे जाते?

ट्रकच्या इंजिनातले पाणी एका बंद वाटेने फिरते. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत ते तापते, वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये येते, तिथल्या नळ्यांतून उतरताना निवते आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, त्याला पुन्हा इंजिनात ढकलते. वाट बंद असल्याने त्यातले पाणी रोज कमी होण्याचे कारण नाही. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत मात्र रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतणे हे क्लीनरचे नित्याचे कामच होऊन बसते, आणि गळती महिनोन् महिने तशीच राहते.

एक अपवाद आधी सांगायला हवा. जुन्या गाड्यांत जादा पाणी साठवणारी प्लॅस्टिकची टाकी बहुधा नसते. रेडिएटर काठोकाठ भरला, तर तापून फुगलेले पाणी झाकणाखालच्या बारीक नळीतून रस्त्यावर सांडते आणि पातळी काही बोटे खाली येऊन तिथेच थांबते. ही गळती नव्हे. पातळी त्याखालीही उतरतच राहिली, तर मात्र शोध घ्यावा लागतो.

कांदिवली पश्चिमेचे चारकोप ही असा शोध घेण्याची नेहमीची जागा. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे छोटे भूखंड पाडले आणि सेक्टर वसवले. शेजारी औद्योगिक वसाहतीचे गाळे आहेत आणि त्या गाळ्यांचा माल वाहणारे टेंपो-ट्रक आहेत. या गाड्यांचे आयुष्य दोन टोकांत जाते. एकीकडे लिंक रोडच्या कोंडीत तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकणे, दुसरीकडे माल भरून नाशिकच्या वाटेवर कसारा घाट चढणे. कोंडीत समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. घाटात इंजिन पूर्ण ताकदीने चालते आणि पाण्याचे तापमान व दाब दोन्ही चढतात. त्यातच पश्चिमेला खाडी असल्याने खारी हवा रेडिएटरची जाळी बाहेरून खात असते.

दाबाचा मुद्दा समजल्याशिवाय गळती सापडत नाही. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून स्प्रिंगवर चालणारा व्हॉल्व्ह असते. आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देणे हे त्याचे काम. वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब असेल, तर साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. म्हणून झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर कुठेही भोक नसताना पाणी उकळून निघून जाते. तपासणी झाकणापासून सुरू करावी ती यासाठी, शिवाय हा सुटा भाग सर्वांत स्वस्त. गरम इंजिनावर झाकण मात्र कधीच उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एका क्षणात उकळते आणि हात-तोंड भाजते.

यानंतर गाडी थंड असताना, शक्यतो रात्रभर उभी राहिल्यावर, बाहेरून पाहणी करायची. थेंब जिथे पडला तिथे गळती असेलच असे नाही. पाणी नळीवरून, ब्रॅकेटवरून ओघळत दूर जाते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते. ओल्या जागेपेक्षा सुकलेली खूण अधिक बोलते. कूलंट वाळला की हिरवट, गुलाबी किंवा पांढरी पापडी राहते, नुसत्या पाण्याने गंजाची तांबूस रेघ उमटते. ती रेघ खालून वर शोधत गेले की उगमाशी पोहोचता येते.

होज आधी दाबून पाहावेत. चांगला होज लवचीक असतो, बाद झालेला कडक होऊन तडकतो किंवा डिझेल-ऑईल पिऊन लिबलिबीत होतो. कित्येकदा होज शाबूत असतो आणि क्लिपखालचे धातूचे तोंड गंजून खडबडीत झालेले असते. अशी जोडणी सकाळी थंडपणी थेंब टाकते आणि इंजिन तापून रबर फुगले की कोरडी होते, त्यामुळे दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत काहीच आढळत नाही. वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. तिथून धार दिसताच एम-सीलने छिद्र बुजवणारे महाभाग आहेत. मग पाणी बेअरिंग खाते आणि पंखा डुलू लागतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून पाहिला की बेअरिंगची ढिलाई कळते.

सर्वांत फसवी जागा म्हणजे डमी. ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके पत्र्याच्या वाटीसारख्या चकत्यांनी बंद केलेली असतात. त्या आतून गंजतात, आणि काही डमी स्टार्टरच्या किंवा मॅनिफोल्डच्या आड असल्याने नजरेला पडत नाहीत.

डोळ्यांनी काही सापडले नाही, तर झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर बसवतात. झाकणावर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत दाब भरून दहा-पंधरा मिनिटे काटा पाहायचा. त्याहून जास्त दाब देऊ नये, जुन्या रेडिएटरचे डाख सुटतात. काटा खाली येतो पण बाहेर कुठेच ओल नाही, याचा अर्थ पाणी इंजिनाच्या आत जात आहे.

इथे खर्चाचा आकडा बदलतो. हेड गॅस्केट फुटले असेल, हेडला तडा असेल किंवा ऑईल कूलर आतून गळत असेल. गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑईल, कारणाशिवाय ताठ होणारा वरचा होज ही लक्षणे. ऑईल भरायच्या झाकणाखाली तेवढा दुधाळ थर दिसला, तर घाबरू नये. पावसाळ्यात चारकोप ते मालाड अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानेही तो जमतो. खात्रीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, नट हळूच सैल करावा. पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने आत गेलेले असेल, तर आधी तेच ठिबकते. गॅस्केटची आणखी एक जुनी परीक्षा आहे. थंड इंजिनाचा पंख्याचा बेल्ट काढायचा, थर्मोस्टॅट बाहेर काढायचा, रेडिएटर तोंडापर्यंत भरायचा आणि इंजिन मिनिटभरच चालवायचे. बेल्ट नसल्याने पंप पाणी घुसळत नाही. तरीही बुडबुडे येत राहिले, तर ते सिलिंडरमधल्या वायूचे. सिलिंडरमध्येच पाणी साचल्याचा संशय असेल, तर स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुरुस्ती त्या मानाने सरळ आहे. होज नवा घालताना तोंडावरचा गंज घासून काढावा आणि गाडी एकदा तापून निवल्यावर क्लिप पुन्हा आवळावी. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल, तर ती टाकून देऊ नये, पंपाच्या ओढीने होज चपटा होऊ नये म्हणून ती असते. एक डमी सडली असेल, तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत हे धरून सगळ्या बदलाव्यात. वॉटर बॉडीला किट टाकता येते, पण आतला धातू खचला असेल, तर नवी घेणेच बरे.

जुन्या गाड्यांची मोठी सोय म्हणजे तांबे-पितळेचा रेडिएटर. पुण्याच्या कारखान्यातून १९८६मध्ये बाहेर पडलेल्या टाटा ४०७च्या जमान्यात तेच चलनात होते. रेडिएटरवाला तोंडे बंद करून त्यात हवा भरतो, हौदात बुडवतो आणि बुडबुड्याच्या जागी डाख लावतो. आत क्षार साचले असतील, तर वरची टाकी उकलून नळ्यांमधून सळई फिरवतो. एखाद-दुसरी नळी कायमची बंद केली तर चालते. चार-सहा बंद केल्या की गळती थांबते आणि गाडी तापू लागते, मग कोर, म्हणजे नळ्या-जाळीचा गाभाच बदलावा लागतो. ॲल्युमिनियमचा कोर आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या नव्या रेडिएटरला हा इलाज नाही. त्यावर लावलेला लांबी-सीलचा लेप फार टिकत नाही.

हेड उतरवले, तर नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. तापलेले हेड वाकलेले असू शकते, म्हणून सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते तपासून, गरज असल्यास फेसिंग करून घ्यावे लागते. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे असतात.

रस्त्यावरचा उपाय म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत देशभरातल्या चालकांना ठाऊक आहे. पूड फुगून बारीक छिद्रात अडकते आणि गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते, हे खरे. पण हळदीला गळकी नळी आणि चांगली नळी यांतला फरक कळत नाही. गाळ नंतर धुऊन काढला नाही, तर कोर तुंबतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे हाही तसाच अर्धवट उपाय. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

शेवटी भरायचे काय? मुंबईत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते, आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये डमी व पंप वाचवतात. जुन्या गाडीला या दुसऱ्या गुणाची गरज अधिक. कूलंट पाणी घालूनच वापरायचा असेल, तर ते क्षारविरहित पाणी हवे. नाइलाज असेल, तर तानसा-वैतरणेचे नळाचे पाणी चालेल, खाडीलगतच्या बोअरवेलचे मचूळ पाणी नको. दोन वेगळ्या जातींचे कूलंट मिसळू नयेत, काही जोड्यांचा चिकट गाळ होतो. भरताना धार बारीक ठेवावी आणि इंजिन चालू करून अडकलेली हवा निघू द्यावी. काढलेला कूलंट गटारात ओतू नये आणि उघड्या डब्यातही ठेवू नये. तो गोडसर असतो, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. भरल्यावर थंडपणीची पातळी खडूने लिहून ठेवली, तर पहिल्या घाटफेरीनंतर त्याच खुणेशी ताडून पाहता येते.