विचारी सभासदानें काय वाचावें?

शनिवारीं परीक्षा आली म्हणजे ॲडव्हेंटिस्ट घरांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. मुलगा विचारतो, "शेजारचीं ख्रिस्ती मुलें रविवारीं उपासनेस जातात, मग आपलाच शनिवार कां?" "आपल्या मंडळींत तसेंच आहे," एवढें सांगून त्यास गप्प बसवितां येतें; परंतु त्यानें प्रश्न मिटत नाहीं. तो मनांत घेऊनच मूल मोठें होतें, आणि पुष्कळदां मुकाट्यानें मंडळींतून निघून जातें. याकरितां साकीनाक्यासारख्या गजबजलेल्या वस्तींत राहणाऱ्या आमच्या पालकांस व विद्यार्थ्यांस वाचनाविषयीं चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

पहिला ग्रंथ अर्थातच पवित्र शास्त्र. वरील प्रश्नच घ्या. शब्बाथाची आज्ञा निर्गमाच्या २० व्या अध्यायांत आहे. तेथें देवानें सहा दिवसांत सृष्टि उत्पन्न करून सातव्या दिवशीं विसावा घेतला, हें कारण दिलें आहे. तीच आज्ञा अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत पुन्हां येते. पण तेथें कारण निराळें आहे. इस्राएल लोक मिसरांत दास होते व देवानें त्यांस सोडविलें, याचें स्मरण ठेवावें, आणि आपल्याप्रमाणें दासदासींसही विसावा मिळावा, असें तेथें म्हटलें आहे. साकीनाक्याच्या गल्ल्यांतील लहान कारखान्यांत राबणारे कामगार रोज ज्याच्या दृष्टीस पडतात, त्यास ह्या दुसऱ्या कारणाचा अर्थ निराळा सांगावयास नको. ज्या घरीं आपण शब्बाथ पाळतों, त्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईस त्या दिवशीं सुटी असते काय? दोन अध्याय शेजारीं ठेवून वाचले म्हणजे असा प्रश्न आपणांसच विचारावा लागतो. वाचन म्हणतात तें हेंच.

बायबल सोसायटीच्या भाषांतराबरोबर पंडिता रमाबाईंचें भाषांतरही पाहावें. साध्या बायाबापड्यांस शास्त्र समजावें म्हणून ह्या विदुषीनें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत हें काम चालविलें. १९२२ सालीं त्या वारल्या. त्यांचा संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरें वाचन आपल्या मंडळीच्या इतिहासाचें. २२ ऑक्टोबर १८४४ रोजीं ख्रिस्त परत येईल अशा दृढ आशेनें अमेरिकेंतील हजारों लोक वाट पाहत राहिले. ती आशा फळास आली नाहीं. त्या निराशेंतून सावरलेल्या कांहीं जणांनीं पुन्हां शास्त्र उघडलें. त्यांच्यांतूनच १८६३ सालीं ही मंडळी संघटित झाली. आपली चूक पदरांत घेऊन जी मंडळी उभी राहिली, तिच्या लेकरांनीं प्रश्नांस भिण्याचें कारण काय?

एलेन व्हाइट यांचें "स्टेप्स टु क्राइस्ट" हें १८९२ सालचें लहानसें पुस्तक प्रत्येकानें वाचावें. "द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी" वाचतांना प्रस्तावना वगळूं नये. इतर इतिहासकारांच्या लेखनाचा उपयोग केल्याचें लेखिकेनें तेथें स्वतःच सांगितलें आहे, व १९११ च्या आवृत्तींत त्या आधारांचे निर्देशही घातले गेले. रोनाल्ड नंबर्स यांनीं १९७६ सालीं "प्रॉफेटेस ऑफ हेल्थ" ह्या पुस्तकांत बाईंच्या आरोग्यविषयक शिकवणीची तुलना त्यांच्या आधींच्या सुधारकांच्या लेखनाशीं केली. त्यावर मोठा वाद माजला. प्रौढ वाचकांनीं हेंही पुस्तक वाचावें, आणि त्यास दिलेलीं उत्तरेंही वाचावीं. आपलें लेखन हा लहान दिवा असून मोठा प्रकाश शास्त्राचा, असें बाईंचेंच म्हणणें होतें.

तिसरें पुस्तक आपल्या मंडळीबाहेरचें, पण आपल्या मराठीचें भूषण: लक्ष्मीबाई टिळकांचीं "स्मृतिचित्रें". नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. पति ख्रिस्ती झाले म्हणून लक्ष्मीबाई लागलीच ख्रिस्ती झाल्या नाहींत. त्यांनीं वियोग सोसला, विचार केला, आणि १९०० सालीं आपल्या पायांनीं त्या वाटेवर आल्या. श्रद्धा दुसऱ्याच्या हुकुमानें येत नाहीं, हें ह्या पुस्तकांत हंसतखेळत कळतें.

पालकहो, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा वेळ आपल्या हातीं आहे. त्यांतील दुपारचा अर्धा तास काढावा, एक अध्याय मोठ्यानें वाचावा, आणि पहिला प्रश्न मुलानें विचारावा. उत्तर ठाऊक नसेल तर, "मला ठाऊक नाहीं; आपण दोघे मिळून शोधूं," असें म्हणण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. शनिवारच्या परीक्षेपुढें उभें राहतांना मुलास बापाचें पाठ केलेलें उत्तर पुरणार नाहीं; त्यास स्वतः शोधलेलें उत्तर हवें.