मिसरूड फुटण्याआधी

पाचवी-सहावीच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर एक बदल शिक्षकांना हटकून जाणवतो. मागच्या वर्षापर्यंत खेळून आलेल्या लेकरांच्या अंगाला मातीचा वास यायचा, आता घामाचा उग्र दर्प येतो. मोठं कुणी काही बोलत नाही. मग एखादा पोरगा शेजारच्याकडं बघून नाक धरतो, वर्ग हसतो आणि ते लेकरू त्या दिवसापासून उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मोठ्यांनी प्रेमानं सांगायची गोष्ट त्याला अशी कळते.

उदाहरण म्हणून इस्लापूर घ्या. किनवट तालुक्यातलं, सहस्रकुंड धबधब्याजवळचं हे गाव. आसपास गोंड, आंध, कोलामांच्या वस्त्या आणि बंजारा तांडे. या पट्ट्यातली कितीतरी मुलं आश्रमशाळेत राहून शिकतात. काहींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरात राहणाऱ्या मुलीला मावशी, आजी कुणीतरी बाजूला घेऊन चार शब्द सांगते. वसतिगृहातल्या दहा वर्षांच्या पोरीनं ते कुणाकडून ऐकायचं? मुलांना तर घरीही कुणी सांगत नाही. म्हणून अधीक्षिका, वर्गशिक्षक, आजी-आजोबा यांच्यावर ही जबाबदारी येते, आणि ती त्यांनी आपली मानावी असं मला मनापासून वाटतं.

घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. अंगभर पसरलेल्या घामाच्या ग्रंथी जन्मापासून खारट पाणी सोडून शरीर थंड ठेवतात. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना कामाला लागतात. त्यांचा घाम दाटसर, त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं. कातडीवरचे जिवाणू त्यावर जगतात आणि दर्प तयार होतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पाळी किंवा मिसरूड यायच्या बऱ्याच आधीपासून संप्रेरकं सोडू लागतात, त्यामुळं पुष्कळ मुलांत वास हीच पहिली खूण ठरते. रोज आंघोळ करणाऱ्या लेकराच्या अंगालाही तो येतो. ‘घाणेरडा’ म्हणून त्याला रागावणं म्हणूनच अन्याय आहे.

माझ्या मते मोठ्यांना याहून सोपी सुरुवात मिळणार नाही. पाळी, छातीत येणारी गाठ, झोपेत वीर्य जाणं यांवर एकदम बोलायला जीभ रेटत नाही, घामावर रेटते. महाराष्ट्रात या संकोचाला मोठा इतिहास आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि त्यापायी खटले सोसले. 2007 साली राज्यानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. त्याच महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी मोकळेपणानं बोलून दाखवलं.

बोलायचं ते एकट्यात, काम करता करता. कपडे वाळत घालताना आई सहज म्हणू शकते, “बाळा, तू आता मोठा व्हायलास. काखेत वेगळा घाम येतो या वयात. मलाबी आला होता, तुझ्या बाबालाबी. उद्यापासून तिथं साबण नीट लावत जा.” एवढं पुरे. पुढचे प्रश्न दोन-चार दिवसांनी मूल स्वतःच घेऊन येतं, तेव्हा मात्र ‘नंतर सांगते’ म्हणू नये.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तरी काख, जांघ आणि पाय साबणानं धुण्यापुरतं पाणी लेकराच्या वाट्याला ठेवावंच. खरी गोम कपड्यात असते. टेरिकॉटचा शर्ट वास धरून ठेवतो. तो उलटा करून काखेच्या शिवणीवर साबण चोळायचा, थोडा वेळ तसाच ठेवून खळबळायचा आणि उलटाच कडक उन्हात टाकायचा. आत सुती बनियन असावं, तेही रोज बदललेलं. धुतलेल्या काखेवर ओली तुरटी फिरवली तरी वास कमी होतो, फक्त कातडी खरचटलेली नको. न धुता मारलेली पावडर आणि सेंट यांचा काही उपयोग नाही.

मुलीत आठव्या आणि मुलात नवव्या वर्षाआधीच वासासोबत केस किंवा छातीची वाढ दिसली, तर डॉक्टरांना दाखवावं. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राज्यात अनेक सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथं मुलांना एकट्यानं बोलू द्यावं, पालकांनी बाहेर बाकावर बसावं.