पाचाचे सहा बोल्ट करायचे तर

जुन्या विलीज जीपच्या चाकाला पाच बोल्ट, टोयोटा हायलक्सला सहा. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मात्र दोन्हीकडे 139.7 मिलिमीटरच. तरीही एकीची डिस्क दुसरीला बसत नाही, मग एखाद्या हौशी पिकअपवाल्याला मागचा अख्खा ॲक्सलच बदलावासा वाटतो. पण ॲक्सलसोबत क्राउन-पिनियनचं प्रमाण, ब्रेक, पाट्यांच्या बैठका, हँडब्रेकची केबल असं सगळं बिऱ्हाड येतं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचं-मागचं प्रमाण जुळलं नाही, तर ट्रान्स्फर केसवर ताण पडतो. ‘मग ॲडॉप्टर लावू’ म्हणाल, तर चाक बाहेर सरकून बेअरिंगवरचा भार वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार चालत नाही. त्यापेक्षा मूळ मापाच्याच डिस्क शोधा.