आधी कानस, मग रोबो

पोलादाचा 100 मिलिमीटर लांबीचा जॉब 10 अंशांनी तापला, की सुमारे 12 मायक्रॉनने वाढतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. त्यापुढे ही वाढ किरकोळच. पण ज्या भागाला एकूण टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, 20 मायक्रॉनचा आहे, त्यातला निम्म्याहून अधिक नुसती उष्णता खाऊन टाकते. मोजमापासाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर ठरलं आहे, ते यामुळेच. संगणकाच्या हुकमाने चालणारं सीएनसी मशीन टूल नेमक्या जागी नेतं खरं, पण जॉब अजून गरम आहे, मायक्रोमीटर आत्ताच लावू नये, हे कळणारा कामगार तयार करावा लागतो.

जर्मनीने त्याची व्यवस्था 1969 च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने लावली. प्रशिक्षणार्थी कंपनीशी करार करतो, विद्यावेतन घेतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसाय शाळेत. यंत्र, वीज आणि संगणक एकत्र शिकवणारा साडेतीन वर्षांचा मेकॅट्रॉनिक्स ट्रेड तिथे 1998 मध्ये आला. सुरुवात मात्र बऱ्याच कारखान्यांत अजूनही व्हाइस आणि कानशीनेच होते. रोबो शिकायला आलेल्या पोराला लोखंड घासायला लावायचं, हा जुनाटपणा वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. धातू कुठे दाद देतो आणि कुठे अडतो हे हाताला कळलेलं असलं, की मशीनचा बदललेला आवाजही चटकन खटकतो.

अभ्यासक्रम ठरवताना सरकारबरोबर मालक आणि कामगार संघटनाही बसतात. परीक्षा उद्योग-व्यापार मंडळं घेतात. म्हणूनच 2018 मध्ये धातू आणि वीज क्षेत्रातल्या ट्रेड्समध्ये डेटा सुरक्षा आली, थ्रीडी प्रिंटिंगसारखे ऐच्छिक विषयही आले. दुखणंही कंपन्यांवरच्या या भिस्तीतच आहे: मंदीत कंपन्यांनी हात आखडला की प्रशिक्षणाच्या जागाच घटतात. सिंगापूरने 1992 मध्ये सरकारी तंत्रशिक्षण संस्था उभारून दुसरी वाट धरली.

आपला शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा, म्हणजे जर्मन कायद्याहून आठ वर्षांनी जुना. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल आणि डाय बनवण्याचं शिक्षणही मिळतं. तेव्हा कायदा नाही, संस्था नाहीत, ही सबब चालणार नाही. तुमच्या गावच्या आयटीआयला नवं सीएनसी मंजूर झाल्याची बातमी आली, तर दोनच गोष्टी विचारा: प्रत्येक मुलाला त्यावर आठवड्याला किती तास मिळणार, आणि परीक्षा घ्यायला कारखान्यातलं कोण बसणार?